हाइडच्या नावाचे मृत्युपत्र

रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांच्या डॉ. जेकिल आणि मिस्टर हाइड यांच्या कथेत जेकिल हा प्रतिष्ठित डॉक्टर स्वतःवर प्रयोग करतो आणि रसायन पिऊन हाइड नावाचा दुष्ट माणूस बनतो. पण ते रसायन आणि खून वाचकासमोर येण्याआधी एक कागद येतो, आणि त्या संपूर्ण कथेतील सर्वांत भयावह वस्तू तो कागदच आहे, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. अटर्सन नावाचा वकील रात्री घरी परततो, तिजोरी उघडतो आणि आपल्या जुन्या मित्राचे मृत्युपत्र बाहेर काढून वाचत बसतो. डॉ. हेन्री जेकिल यांच्या मृत्यूनंतर त्यांची सर्व मालमत्ता त्यांचे मित्र आणि उपकारकर्ते एडवर्ड हाइड यांना मिळावी, असे त्यात लिहिलेले असते. एवढेच नव्हे, तर जेकिल तीन महिन्यांहून अधिक काळ बेपत्ता राहिले तरीही हाइड यांनी विनाविलंब त्यांच्या जागी यावे, असेही त्यात असते. हा दस्तऐवज तयार करण्यात अटर्सनने कोणतीही मदत करण्याचे नाकारलेले असते, म्हणून जेकिलने तो स्वतःच्या हाताने लिहिलेला असतो.

मी तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवतो आणि वर्धा नदीकाठच्या आमच्या खेड्यात राहतो. कापसाची उलंगवाडी झाली आणि शेतातली कामे जराशी हलकी झाली, की गावच्या वाचनालयाच्या ओट्यावर संध्याकाळी आम्ही काही जण जमतो आणि मी एखादी जुनी इंग्रजी कथा मराठीतून सांगतो. जेकिलची कथा सांगत होतो तेव्हा ओट्यावरच्या एका वयस्कर शेतकऱ्याने, ज्यांना आम्ही सारे काकाजी म्हणतो आणि ज्यांचे निम्मे आयुष्य भावकीच्या वाटणीचे दावे लढण्यात गेले आहे, मला मध्येच थांबवले.

“सर, त्या डाक्टरले तो हाइड नकोसा होता, त मंग सारी इस्टेट त्याच्याच नावानं काऊन करून ठेवली?”

“काकाजी, त्याले हाइड नकोसा नव्हताच,” मी म्हणालो. “हाइडनं केलेलं आपल्या नावावर चढू नये, एवढंच त्याले पाहिजे होतं.”

ते उत्तर मी बोलण्याच्या ओघात दिले खरे, पण त्यानंतर मी ही कथा आणि तिच्या काळातल्या इतर भयकथा पुन्हा वाचल्या त्या याच एका प्रश्नाचा हात धरून. व्हिक्टोरियन, म्हणजे इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या, भयकथांत चांगल्या आणि वाईट प्रवृत्तींचा संघर्ष असतो, असे सरसकट सांगितले जाते, आणि माझे विद्यार्थीही उत्तरपत्रिकेत तेच लिहितात. मला मात्र असे वाटते की, या कथांतली खरी भीती संघर्षाची नाही, फारकतीची आहे. आपल्यातले वाईट वेगळे काढून दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर करता येईल आणि मग आपण निर्मळ उरू, हा जो मोह आहे, त्याची परिणती काय होते हे या कथा दाखवतात.

स्टीव्हन्सन यांनी ही कथा १८८५ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील बोर्नमथ येथे आजारपणात लिहिली आणि ती जानेवारी १८८६ मध्ये एका शिलिंगच्या स्वस्त आवृत्तीत प्रसिद्ध झाली. पहिल्या सहा महिन्यांत तिच्या सुमारे चाळीस हजार प्रती खपल्या. मुळात हा विषय लेखकाच्या मनात फार आधीपासून होता. एडिनबरा शहरात अठराव्या शतकात विल्यम ब्रॉडी नावाचा एक नामांकित सुतार होऊन गेला; तो नगरपरिषदेचा सभासद होता, दिवसा श्रीमंतांच्या घरची कुलुपे आणि कपाटे करून देत असे आणि रात्री त्याच घरांत चोरी करत असे. १७८८ मध्ये त्याला फाशी झाली. त्याने घडवलेले एक कपाट स्टीव्हन्सन यांच्या लहानपणीच्या खोलीत होते आणि पुढे त्यांनी मित्रासोबत ब्रॉडीवर नाटकही लिहिले. कथेतल्या जेकिलच्या घरालाही अशाच दोन बाजू आहेत: समोरचे दार प्रतिष्ठित वस्तीच्या चौकात उघडते, आणि मागची प्रयोगशाळा ज्या गल्लीत निघते, तिथल्या दाराला ना घंटा आहे ना कडी. घर मात्र एकच आहे, आणि हे शेजारून जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

आता त्या प्रयोगाकडे नीट पाहावे, कारण बहुतेकांना तो ऐकूनच ठाऊक असतो. रसायन प्यायल्यावर एका शरीरातून दोन माणसे निघतात, एक संपूर्ण चांगला आणि एक संपूर्ण वाईट, असा समज सर्वत्र आहे. पुस्तकात तसे घडत नाही. हाइड हा निव्वळ दुष्ट आहे, हे खरे. पण जेकिल मात्र प्रयोगानंतरही पूर्वीचाच मिश्र माणूस राहतो, आणि हे तो आपल्या अखेरच्या निवेदनात स्वतःच सांगतो. वाईट वेगळे निघाले, परंतु चांगले शुद्ध होऊन हाती आले नाही. ते द्रव्य मुळात दैवीही नव्हते आणि राक्षसीही नव्हते. त्याने आतल्या कोठडीची दारे तेवढी हलवली, आणि त्या वेळी जे जागे होते ते बाहेर धावले. मी अधिक उदात्त हेतूने हा प्रयोग केला असता, तर याच दारातून देवदूत बाहेर आला असता, असेही जेकिल म्हणतो. या एका बारकाव्यावर मला सारी कथा उभी असलेली दिसते. माणसातले चांगुलपण वाइटापासून तोडून बाजूला ठेवता येत नाही, कारण ते वाइटाची जबाबदारी घेण्यातच असते. ती जबाबदारी ज्या क्षणी उतरवून ठेवली, त्या क्षणी उरतो तो फक्त प्रतिष्ठित माणूस.

जेकिलचे मूळ दोष तरी काय होते? तो सांगतो की, आपल्यात मौजमजेची अधीर ओढ होती आणि अनेक माणसांनी तिची उलट बढाई मारली असती. पण त्याला लोकांत मान ताठ ठेवून वावरायचे होते, म्हणून त्याने ती ओढ विकृत म्हणावे इतक्या लाजेने लपवली. म्हणजे हाइडचा जन्म पापाच्या पोटी जेवढा झाला, त्याहून अधिक तो प्रतिष्ठेच्या पोटी झाला. माझ्या श्रोत्यांना हे पटवून द्यावे लागले नाही. खेड्यात माणसाची पत हीच त्याची पहिली मिळकत असते, आणि ती राखण्यासाठी लोक काय काय झाकतात हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस त्या ओट्यावर नव्हता. लंडनचा काळही तसाच होता. ज्या १८८५ मध्ये ही कथा लिहिली जात होती, त्याच वर्षीच्या जुलैमध्ये डब्ल्यू. टी. स्टेड या संपादकाने लंडनमध्ये कोवळ्या मुलींचा व्यापार कसा चालतो हे आपल्या वृत्तपत्रातून उघड केले होते, आणि सभ्य घरांची दारे असलेल्या त्या शहराला आपल्या मागच्या गल्ल्यांकडे पाहणे भाग पडले होते. त्या शहराच्या वैभवात वऱ्हाडच्या कापसाचाही वाटा होता, हे मला इथे नमूद केल्याशिवाय राहवत नाही; व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केले ते १ जानेवारी १८७७ रोजी, आणि नागपूरची एम्प्रेस मिल ही कापडगिरणी त्याच दिवशी त्याच नावाने सुरू झाली.

सर डॅनव्हर्स कॅर्यू या वृद्ध सद्गृहस्थाचा हाइडने काठीने खून केल्यावर जे घडते, ते मला खुनापेक्षाही महत्त्वाचे वाटते. ती काठी अटर्सननेच कधीकाळी जेकिलला भेट दिलेली होती. ती मारतानाच मोडते आणि तिचा अर्धा तुकडा गटारात सापडतो, म्हणजे डॉक्टरांच्या घरातली वस्तू खुनाच्या जागी पडून असते. पण जेकिलचे मन त्या तुकड्याकडे पाहायला तयार नसते. हाइड संपला असे तो ठरवतो, मित्रांमध्ये परत येतो, दानधर्म वाढवतो, त्याची धर्मनिष्ठा लोकांच्या डोळ्यांत भरते. मग पुन्हा मोह होतो, आणि या वेळी तो हाइडचे रूप न घेता, जेकिल म्हणूनच, एखाद्या सामान्य चोरट्या पाप्यासारखा घसरतो. त्यानंतर जानेवारीतल्या एका स्वच्छ दिवशी तो रीजंट्स पार्कमधल्या बाकावर उन्हात बसलेला आहे. पायाखाली वितळलेल्या हिमाची ओल आहे, वर आभाळ निरभ्र आहे. आपण शेवटी इतरांसारखेच आहोत, असे त्याला वाटते. आणि मग तो स्वतःशी हसतो, कारण इतरांच्या आळशी, निष्ठुर बेपर्वाईच्या मानाने आपण लोकांसाठी किती झटतो, अशी तुलना त्याच्या मनात येते. नेमक्या त्या क्षणी त्याला मळमळते, अंगावर शहारा येतो, कपडे अंगावर सैल लोंबू लागतात, आणि गुडघ्यावर ठेवलेला आपला हात शिरा फुगलेला व केसाळ झालेला त्याला दिसतो. रसायनाचा थेंबही त्याने घेतलेला नसतो.

खून करताना, हाइड रस्त्यात एका लहान मुलीला तुडवतो त्या वेळी, मद्याच्या धुंदीत, अशा कितीतरी क्षणी स्टीव्हन्सन यांना हे रूपांतर घडवता आले असते. त्यांनी ते घडवले माणूस आपल्या चांगुलपणाचा हिशेब मांडत असताना. भयकथा लिहिणाऱ्या एका आजारी माणसाने मानवी स्वभावाचे इतके अचूक निरीक्षण करावे, याचे मला प्रत्येक वाचनात नव्याने आश्चर्य वाटते. सप्ताहाच्या महाप्रसादाचा खर्च हौसेने उचलणारा आणि त्याच आठवड्यात व्याजात अडकलेल्या माणसाच्या शेताचे खरेदीखत आपल्या नावाने करून घेणारा सावकार आमच्या भागात नवा नाही. तो ढोंगी असतो असे आपण सहज म्हणतो, पण जेकिल सांगतो की आपण ढोंगी नव्हतो, आपल्या दोन्ही बाजू सारख्याच मनापासूनच्या होत्या. मला ते खरे वाटते. पंगतीत स्वतः वाढायला उभा राहणारा तो सावकार त्या घटकेला खरोखरच भाविक असतो, आणि त्या भाविकपणाच्या आड त्याला आपले खरेदीखत दिसेनासे होते.

इथे विदर्भातल्या एका प्रथेची आठवण होणे स्वाभाविक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत निघते. गावातली रोगराई, इडापीडा त्या पुतळ्यासोबत शिवेबाहेर जावी म्हणून लहानथोर सारे “घेऊन जा गे मारबत” असे ओरडत तिच्यामागे जातात आणि शिवेवर तिचे दहन होते. नागपूरच्या पिवळ्या मारबतीची परंपरा १८८५ पासूनची सांगितली जाते, म्हणजे स्टीव्हन्सन जेकिलची कथा लिहीत होते त्याच वर्षापासूनची. वाईटाला आकार देऊन बाहेर काढण्याची कल्पना वरवर पाहता दोन्हीकडे सारखीच आहे. परंतु मारबत सगळ्या गावाची असते, दिवसाढवळ्या निघते, ती आपल्याच घरांतली पीडा घेऊन चालली आहे हे प्रत्येकाला मान्य असते, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा काढावी लागणार हेही ठाऊक असते. जेकिलने आपले वाईट एकट्याने, कुलूपबंद खोलीत, कोणालाही न सांगता बाहेर काढले. त्याने ते जाळले तर नाहीच, उलट लंडनच्या सोहो वस्तीत त्याच्यासाठी घर घेतले, तिथे उंची मद्याने कपाट भरले, भिंतीवर चांगले चित्र लावले आणि पुढे सारी मालमत्ता त्याच्या नावाने लिहून ठेवली. काकाजींचा प्रश्न बरोबर याच ठिकाणी बोट ठेवतो.

ऑस्कर वाइल्ड यांची डोरियन ग्रेची कथा १८९० मध्ये आधी एका मासिकात आणि १८९१ मध्ये विस्तारून पुस्तकरूपाने आली. तिथे रसायनाच्या जागी तैलचित्र आहे. डोरियन तरुणच राहतो आणि त्याची कृत्ये चित्रातल्या चेहऱ्यावर उमटतात. सिबिल व्हेन या नटीला त्याने निर्दयपणे झिडकारल्यावर चित्रातल्या तोंडाभोवती क्रौर्याची पहिली छटा दिसते. चित्र वरच्या मजल्यावरील लहानपणीच्या अभ्यासाच्या खोलीत, जांभळ्या कापडाखाली, कुलुपात जाते. या पुस्तकातला भपकेबाज संवादांचा भाग मला फारसा भावत नाही, आणि डोरियनचा मित्र लॉर्ड हेन्री याची सुभाषिते ऐकून श्रोतेही लवकर कंटाळले. पण शेवटाजवळचा एक प्रसंग असा आहे की, त्यासाठी सारे पुस्तक वाचावे. डोरियनला सुधारायचे आहे. खेड्यातल्या हेटी नावाच्या एका भोळ्या मुलीला फसवण्याच्या बेतात असताना तो तिला सोडून देतो, आणि या सत्कृत्याने चित्र थोडे तरी उजळले असेल या आशेने दिवा घेऊन वर जातो. चित्र सुधारलेले नसते. उलट डोळ्यांत लबाडी आणि ओठांच्या कडेला ढोंग्याची सुरकुती, अशी नवीच भर पडलेली असते. ते सत्कृत्य त्याने कशासाठी केले होते, हे त्याच्याआधी चित्राला कळलेले असते. रीजंट्स पार्कच्या बाकाचा हा सख्खा भाऊ आहे. ज्या सुरीने त्याने चित्रकार बॅसिलचा खून केलेला असतो, तीच सुरी तो अखेर चित्रात खुपसतो, आणि नोकरांना सापडते ते देखणे, तरुण चित्र आणि जमिनीवर पडलेला, सुरकुतलेला, अंगठ्यांवरूनच ओळखू येणारा म्हातारा. इथेही फारकत टिकत नाही.

या कथांची एक बाजू मला खटकते आणि ती सांगितली पाहिजे. दुष्टपणा चेहऱ्यावर दिसतो, हा विश्वास त्या काळात विज्ञान म्हणून वावरत होता. सीझर लोम्ब्रोसो या इटालियन वैद्याने १८७६ मध्ये गुन्हेगार जन्मतःच शरीराच्या ठेवणीवरून ओळखता येतो असा सिद्धांत मांडला, आणि ब्रॅम स्टोकर यांच्या ड्रॅक्युला या कादंबरीत तर लोम्ब्रोसोचे नाव घेऊनच रक्त पिणाऱ्या काउंट ड्रॅक्युलाचे वर्णन केलेले आहे. हाइड बुटका आणि केसाळ, काउंटच्या भुवया जुळलेल्या आणि कान टोकदार. याच विचाराने आपल्याकडे काय केले, हे विदर्भाला वेगळे सांगायला नको. १८७१ च्या कायद्याने हिंदुस्थानातल्या काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवण्याची वाट मोकळी झाली, आणि तो शिक्का फासेपारध्यांच्या पोराबाळांच्या कपाळावरून अजूनही पुरता पुसलेला नाही. स्टीव्हन्सन मात्र या विश्वासाला आतून सुरुंग लावतात असे मला वाटते. हाइडला पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यात काहीतरी विद्रूप जाणवते, पण ते नेमके काय हे एकालाही सांगता येत नाही. आणि खरा दोष ज्याचा आहे, तो पन्नाशीचा, धिप्पाड, प्रसन्न चेहऱ्याचा डॉक्टर मात्र कोणालाच विद्रूप वाटत नाही.

१८९७ मध्ये आलेला ड्रॅक्युला हा वरकरणी या साऱ्याच्या उलट आहे. इथे वाईट परक्या देशातून, जहाजातून, मातीच्या पेट्यांसह येते आणि चांगली माणसे एकत्र येऊन त्याचा नाश करतात. पण स्टोकर यांनी त्या पिशाचाला एक नियम घालून दिला आहे: घरातल्या कोणीतरी आत ये म्हटल्याशिवाय त्याला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. आणि किल्ल्यातला तो दाढीचा प्रसंग पाहा. काउंटकडे पाहुणा म्हणून आलेला तरुण इंग्रज वकील जोनाथन हार्कर खिडकीजवळ आरसा टांगून दाढी करतो आहे, काउंट त्याच्या खांद्यामागे येऊन उभा राहतो, बोलतो, आणि आरशात संपूर्ण खोली दिसते, पण तिच्यात हार्करशिवाय दुसरा माणूस दिसत नाही. पिशाचाला प्रतिबिंब नसते, ही भुताच्या गोष्टीतली एक क्लृप्ती म्हणून आपण पुढे जातो. मी तिथे थांबतो, कारण वाईट शोधायला आरशात पाहणाऱ्या माणसाला स्वतःचाच चेहरा दिसावा, हे मला त्या पुस्तकातले सर्वांत प्रामाणिक पान वाटते.

वाचनालयात खरा वाद झाला तो मीनाच्या, म्हणजे हार्करच्या बायकोच्या, एका बोलण्यावरून. काउंटने मीनाला आपले रक्त पाजलेले आहे, पवित्र प्रसादाच्या स्पर्शाने तिच्या कपाळावर भाजल्याचा लाल व्रण उठलेला आहे, आणि तिचा नवरा सूडाने पेटलेला आहे. अशा वेळी ती सर्वांना सांगते की, ज्याने हे दुःख ओढवले तो जीवच सर्वांत केविलवाणा आहे. त्याच्यातला वाईट अंश नष्ट होऊन चांगला अंश मुक्त होईल तेव्हा त्याला किती आनंद होईल याचा विचार करा, आणि उद्या कदाचित मलाही अशाच दयेची गरज पडेल. काकाजींना हे मुळीच पटले नाही. “रक्त पेणाऱ्याची कीव काऊन करावं बाप्पा?” असे ते तावातावाने म्हणाले. त्यांच्या शेजारी बसलेल्या, बारावीला असलेल्या एका मुलीने त्यांना उत्तर दिले, “काकाजी, ते त्याले सोडा म्हणत नाही ना. मारा म्हणते, पण तो आपल्यातला कोणी नव्हता असं समजून मारू नका म्हणते.”

मुलीचे म्हणणे पुस्तकाला धरून होते. मीना दया मागते ती व्रण कपाळावर असताना, म्हणजे आपण बाधित आहोत हे ठाऊक असताना. आणि साऱ्या मंडळींत काउंटचा माग अचूक सांगू शकते तीही तीच, कारण तिच्या रक्तात त्याचा अंश आहे. ती बाधा दुसऱ्या कोणाच्या नावावर करत नाही, आणि म्हणूनच जेकिलला जे जमले नाही ते तिला जमते. शेवटी हार्करची कुकरी आणि त्याचा साथीदार क्विन्सी याचा सुरा एकाच वेळी काउंटवर पडतात, आणि त्याचे शरीर धूळ होण्यापूर्वी चेहऱ्यावर अशी शांती उमटते की ती तिथे असू शकेल अशी आपण कल्पनाही केली नसती, असे मीना लिहिते. जेकिलच्या निवेदनाच्या अखेरीस मात्र हाइडने केलेल्या कृत्यांबद्दल ‘मी’ असे लिहिणे त्याला अशक्य झालेले असते. तो त्याला तिऱ्हाईत म्हणूनच संबोधतो, आणि त्याच तिऱ्हाइताच्या देहात, विष घेऊन, त्याचा शेवट होतो.

पुढच्या बैठकीसाठी त्या मुलीने आणि तिच्या मैत्रिणींनी शेरिडन ल फान्यू यांची कार्मिला ही ड्रॅक्युलाहून पंचवीस वर्षे जुनी कथा मागितली आहे. तिच्यातली लॉरा आपल्या मैत्रिणीविषयी, म्हणजे रक्त पिणाऱ्या कार्मिलाविषयी, आपल्याला एकाच वेळी आराधनेइतके प्रेम आणि किळस वाटत असे, हे कोणतीही सारवासारव न करता सांगते. काकाजींनी आधीच बजावले आहे की, त्या कथेत कोणाची कीव आलेली ते खपवून घेणार नाहीत, आणि मी ती कथा त्यांच्यासमोरच सांगणार आहे.